सतरा फाडलेली पानं

रविवारी चार वाजता सगळे जमले, तेव्हा तात्यांची निळी नोंदवही टेबलावर आधीच येऊन बसली होती. वहीवर चष्मा ठेवलेला होता. याचा अर्थ निर्णय झालेला आहे, तो इतरांना कळवायचा तेवढा राहिला आहे, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. तरीही चर्चेला बोलावलं की चर्चेला यायचं, अशी रीत होती. कंपनीच्या पाटीवर कोणाचं नाव वर यावं यावरून झालेल्या भांडणानंतर दोघे भाऊ आज प्रथमच एका टेबलाशी बसत होते. थोरला खिडकीकडे बसला, धाकटा दाराकडे, आणि मध्ये आत्या. आत्या कुठंही बसली तरी मध्येच असे.

विषय तात्यांच्या पेसमेकरचा होता. दहा वर्षांपूर्वी डाव्या खांद्याखाली बसवलेल्या त्या डबीची बॅटरी संपत आली होती. डॉक्टरांनी गुरुवार दिला होता आणि कोणतं यंत्र बसवायचं ते सोमवारी सकाळी कळवा म्हणून सांगितलं होतं. वाटा तीन होत्या. हृदयाच्या खालच्या कप्प्यात असलेली एक वायर तशीच ठेवून फक्त डबी बदलायची, ही पहिली. वरच्या कप्प्यात आणखी एक वायर सोडून दोन वायरींची डबी बसवायची, ही दुसरी. तिसऱ्या वाटेत डबीही नव्हती आणि वायरही नव्हती. औषधाच्या कॅप्सूलएवढं यंत्र मांडीच्या शिरेतून वर नेऊन थेट हृदयातच बसवायचं होतं. यंत्र बंद पडलं तर तात्यांचं हृदय मिनिटाला तीस ठोके कसेबसे देई, म्हणून 'राहू दे, बघू' ही त्यांची आवडती चौथी वाट या वेळी नव्हती.

"एक वायर," तात्या म्हणाले. "आता बोला."

थोरला तयारीनं आला होता. त्याच्याकडे फाईल होती आणि फाईलच्या पहिल्याच पानावर त्या कॅप्सूलचा रंगीत फोटो होता. तीन पिढ्या लिफ्टच्या देखभालीत गेलेल्या या घरात गच्चीवर मशीनची खोली न लागणारी पहिली लिफ्ट त्यानंच आणली होती, आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक अडचण नवीन मॉडेलनं सुटते अशी त्याची समजूत होती. ज्यात वायरच नाही त्यात वायर तुटणार कशी, असा त्याचा मुद्दा होता. तो त्यानं तीन वेळा मांडला. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यालाही ठाऊक होती. पाटीच्या भांडणात त्यानं वडिलांना सगळ्यांसमोर 'जुनं मॉडेल' म्हटलं होतं. त्याला त्याची लाज वाटत होती. चुकलो असं तोंडानं म्हणायची या घराण्यात कोणालाच सवय नव्हती, म्हणून जगातलं सगळ्यात नवीन यंत्र वडिलांच्या छातीत बसवून तो मोकळा होऊ पाहत होता.

आत्याचं म्हणणं सरळ होतं. तिला आठ वर्षांपूर्वी दोन वायरींचं यंत्र बसवलं होतं आणि ती ठणठणीत होती, तेव्हा आणखी पुरावा कशाला हवा? तात्यांना, म्हणजे आपल्या धाकट्या भावाला, ती त्यांच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही पाचवीतल्या मुलासारखं बोले. "तू माझ्याकडे बघ आणि तुझ्याकडे बघ," एवढंच ती म्हणाली. तात्यांनी दोन्हीकडे बघितलं नाही. त्यांनी चष्मा घातला आणि वही उघडली.

ही वही म्हणजे तात्यांची दहा वर्षांची मेहनत होती. पेसमेकरच्या तपासणीला ते दर सहा महिन्यांनी हॉस्पिटलात जात. तिथं बाकड्यावर शेजारी बसेल त्याला विचारत आणि घरी येऊन लिफ्टच्या नोंदवहीत लिहितात तसं लिहून ठेवत. माणशी एक पान. वर माणसाचा धंदा, खाली यंत्राचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि तक्रारींचा रकाना. पहिलं पान त्यांचं स्वतःचं होतं. तात्यांनी निकाल वाचून दाखवला. वहीत एकूण चोवीस माणसं. एका वायरीची नऊ, तक्रारी शून्य. दोन वायरींची चौदा, तक्रारी तेवीस. बिनवायरीचा एक फोटोग्राफर, पण त्याला अजून वर्षही झालं नव्हतं, म्हणून तो गणतीत नव्हता.

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या तेविसातल्या सहा तक्रारी तिच्या एकटीच्या होत्या. त्यातल्या चार हॉस्पिटलातल्या खुर्च्यांबद्दल होत्या, पण हे तिनं सांगितलं नाही आणि तात्यांनीही वाचलं नाही.

धाकटा आजवर तात्यांच्या बाजूनं बोलत आला होता आणि आजही बोलणारच होता, पण थोरल्याच्या विरुद्ध पहिलं वाक्य आपलं नसावं म्हणून थांबला होता. त्यानं बायकोकडे बघितलं. ती वहीकडे बघत होती.

धाकटी सून जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात होती, आणि अकरा वर्षं मृत्यूच्या टेबलावर. लोकांना गॅसचा वास आला की जसं होतं तसं तिला नोंदवहीतला एखादा क्रमांक गळलेला दिसला की होई. तात्या पानं उलटत होते तेव्हा तिला सहानंतर एकदम नऊ दिसला होता. मग चौदानंतर अठरा. तिनं वही मागून घेतली. सासऱ्यांनी ती दिली, कारण आकड्यांच्या बाबतीत या घरात तेवढी एकच व्यक्ती आपल्या तोलाची आहे असं त्यांचं मत होतं.

"तात्या, सात आणि आठ नंबरची पानं कुठे आहेत?"

"फाडली."

"का?"

"बंद झाली म्हणून," तात्या म्हणाले. "बंद झालेलं पान ठेवतात का कोणी?"

हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटलं असतं. त्या टेबलाभोवती कोणालाच वाटलं नाही. तात्यांचे काका तरुणपणी असेच वहीप्रमाणे फेरीला निघाले होते. त्या इमारतीतली जुनी लिफ्ट तीन आठवड्यांपूर्वी उतरवून नेली होती, पण तिचं पान वहीत तसंच राहिलं होतं. काकांनी चौथ्या मजल्यावर किल्लीनं दार उघडलं आणि वहीत बघत नेहमीसारखं आत पाऊल टाकलं. आत लिफ्ट नव्हती. त्याच संध्याकाळी तात्यांच्या वडिलांनी ते पान फाडलं, आणि तेव्हापासून लिफ्ट निघाली की पान फाडायचं, त्याच दिवशी, दुसरं काहीही करायच्या आधी, हा नियम झाला. पुढं कंपनीत दोनदा फूट पडली, पाटी चारदा बदलली, पण या नियमाला कोणी हात लावला नव्हता. पट्टी धरून, शिवणीपासून सरळ फाडायचं, हेसुद्धा ठरलेलं होतं.

धाकटीनं शेवटच्या पानावरचा क्रमांक बघितला. एक्केचाळीस. पानं चोवीस. तिनं वजाबाकी मनात केली आणि ती पटकन झाली याचं तिलाच वाईट वाटलं.

"सतरा गेलीत," ती म्हणाली. "तात्या, बाकड्यावर येऊन बसतो तो जिवंत असतो. जो आला नाही त्याचं पान तुम्ही काढून टाकलंत. मग राहिलेल्यांची तक्रार नसणारच."

खालून लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला आणि चौघांनी सवयीनं कान दिला.

मग थोरल्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला आणि तो त्याला सोसेना. आपण गिऱ्हाइकांना कागदावर छापून देतो, तो म्हणाला, की आमच्या देखभालीतल्या जुन्या मोटरी चाळीस-चाळीस वर्षं चालतायत. आणि तो आकडा आपण कुठून काढतो? वहीतून.

"ज्या चालतायत त्या चालतायत," धाकटा म्हणाला. पाटीच्या भांडणानंतर त्यानं भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. थोरला हसला. मग धाकट्यालाही हसू आलं. दोघांनी एकाच वेळी वडिलांकडे बघितलं आणि एकाच वेळी हसणं थांबवलं.

तात्यांचा चेहरा उतरला होता. तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढत आले होते, आणि स्वतःची चूक इतकी मोठी असूनही इतकी सरळ होती की तिच्याशी भांडताही येत नव्हतं. धाकटीनं विचारलं, ती सतरा माणसं आठवतात का? आठवतात का म्हणजे काय? प्रत्येक पान फाडताना त्यांनी ते आधी शेवटपर्यंत वाचलं होतं.

ते सांगत गेले आणि ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेली. पोहायला शिकवणारा, एक वायर, तक्रार नाही, खुर्चीतल्या खुर्चीत गेला. शिंपी, एक वायर, तक्रार नाही, न्यूमोनियानं गेला. बँकेतला कॅशियर, दोन वायरी, दुसरी वायर पहिल्याच महिन्यात सरकली म्हणून परत टेबलावर घ्यावा लागला, पुढं सहा वर्षं चांगला होता, मग कॅन्सर. पियानो दुरुस्त करणारी बाई, एक वायर. तिच्याशी तात्या तारांबद्दल बोलत. ती गेल्याचं तिच्या मुलीनं बाकड्यावर येऊन सांगितलं होतं. तात्यांनी मुलीला दुसरं काय बोलावं न सुचून यंत्राची बॅटरी किती शिल्लक होती ते विचारलं होतं. हे ते आजवर कोणाला बोलले नव्हते. आता बोलून टाकलं. त्यांना त्या सगळ्यांची आठवण येत होती. वहीत ती नव्हती म्हणून कमी येत होती असं काही नव्हतं.

हिशेब असा निघाला. सतरातली अकरा माणसं वारलेली. दोन यायची बंद झालेली, कारण माहीत नाही. एक मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेलेला. आणि तीन अशी, की ज्यांचं पान तात्यांनी फाडलं ते माणूस गेलं म्हणून नव्हे. त्यांना एका वायरीवर धाप लागायची, चक्कर यायची, म्हणून त्यांना दुसरी वायर घालून दिली होती. यंत्र बदललं म्हणून तात्यांनी जुनं पान फाडून नवं केलं होतं. एका वायरीच्या तक्रारी अशा रीतीनं वहीतून साफ गेल्या होत्या.

आत्या खुर्चीत सरळ झाली. वारलेल्यांत एका वायरीची किती? सात. दोन वायरींची? चार. "झालं तर मग," ती म्हणाली आणि चहाचा कप उचलला. पण धाकटीनं तिच्याही चहात माशी टाकली. तात्यांनी सांगितलेल्या वयांप्रमाणे एका वायरीची ती सातही माणसं यंत्र बसवलं तेव्हाच ऐंशीच्या पुढची होती, आणि दोन वायरींची साठीतली. म्हातारी माणसं आधी गेली, यात वायरीचा दोष किती आणि वयाचा किती, हे या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही. आत्यानं कप खाली ठेवला. ही मुलगी आपल्या बाजूची आहे असं तिला पाच मिनिटं वाटलं होतं.

दीड तास काथ्याकूट करून घर पुन्हा तिथंच आलं होतं. तेव्हा धाकटीनं थोरल्या दिरांना विचारलं, फाईलमध्ये डॉक्टरांनी दिलेला कागद आहे ना? होता. फोटोच्या मागेच होता. थोरल्यानं तो वाचला नव्हता, हे कागदाला घडीही पडली नव्हती यावरून सगळ्यांना कळलं. तिनं तो मोठ्यानं वाचला. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं केलेल्या तुलना होत्या. कोणाला एक वायर आणि कोणाला दोन हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे म्हातारे एकीकडे आणि तरुण दुसरीकडे असं झालेलं नाही.

"आणि मेलेल्यांची पानं?" तात्यांनी विचारलं.

"ठेवलीत. सगळी."

तात्यांनी मान हलवली. त्यांनी त्या कामाला मनातून पास केलं.

निष्कर्ष फार थरारक नव्हते. माणूस किती वर्षं जगतो, यात एका आणि दोन वायरींत मोठा फरक सापडला नव्हता. दोन वायरींत बसवतानाची कटकट जास्त, वायर सरकण्याची भीती जास्त. पण वरच्या कप्प्याची लय बिघडण्याचं प्रमाण कमी. आणि एका वायरीवरच्या काहींना वरचा कप्पा आणि खालचा कप्पा आपापल्या वेळेनं चालत असल्यामुळे धाप लागते, मानेत ठोके उडतात, थकवा येतो. दोन वायरींत हे कमी. म्हणजे लिफ्ट मजल्यावर येते, पण दार भलत्याच वेळी उघडतं, असं धाकट्यानं सगळ्यांना समजावलं. बिनवायरीच्या यंत्राला डबीचा आणि वायरीचा त्रास नाही, पण ते नवं आहे, त्याचे पंधरा-वीस वर्षांचे निकाल अजून यायचेत. शिवाय या हॉस्पिटलात मिळतं ते एकाच कप्प्याचं काम करणारं. या ओळीखाली डॉक्टरांनी पेनानं रेघ मारलेली होती. थोरल्यानं फाईल मिटून मांडीवर घेतली.

"वर्षं साधारण सारखीच दिसतायत, तात्या," धाकटी म्हणाली. "ती कशी जातात त्यात फरक आहे. म्हणून तुम्हाला त्रास काय होतो ते कळायला हवं. तुमच्या पानावर तर काहीच लिहिलेलं नाही."

"तक्रार नाही," तात्या म्हणाले.

माई इतका वेळ दाराशी स्टुलावर बसून ऐकत होती. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिनं तात्यांना माणसांसमोर कधी खोटं पाडलं नव्हतं. तिला ते आवडत नसे. पण गेले सहा महिने ती एक गोष्ट रोज बघत होती. या घराण्यातले पुरुष आपल्याच देखभालीतल्या लिफ्टमध्ये बसत नसत. शेजारच्या जिन्यानं चढायचं आणि बाहेरून आवाज ऐकायचा, कारण आत बसलं की बिघाड ऐकू येत नाही. घर चौथ्या मजल्यावर होतं. संध्याकाळी फिरून येताना तात्या मध्येच थांबत, लिफ्टच्या दारावर तळवा टेकत, मान कलती करत आणि म्हणत, दाराचा रोलर वाजतोय. माई दोन पायऱ्या खाली उभी राहून त्यांच्या मानेची शीर उडताना बघे. तिला रडू येई. मग ते निघाले की तीही निघे.

"तू दुसऱ्या मजल्याच्या दाराचे रोलर कितीदा बदललेस?" तिनं धाकट्याला विचारलं.

धाकटा आठवू लागला. मार्चपासून तीनदा. तात्यांची तक्रार आली की तो हत्यारं घेऊन येई, दार उघडून बघे, रोलरला काहीही झालेलं नसे. तरी बापाचा कान कसा चुकेल, म्हणून तो नवे टाकून जाई. हे सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटचे शब्द त्यानं गिळलेच.

"रोलर चांगले आहेत," माई म्हणाली. "अहो, सांगा ना आता."

तात्या वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांना राग आला नाही. खरं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचाच थोडा राग आला. सहा महिने त्यांना वाटत होतं की आपण तक्रार लिहिली की आपणही फाडायच्या पानांत गेलो. पोहायला शिकवणारा 'तक्रार नाही' म्हणायचा, शिंपीही म्हणायचा. दर वेळी. आणि ते दर वेळी तसंच उतरवून घ्यायचे. कोणाच्या जिन्यात कोण कुठे हात टेकून उभा राहत होता, हे त्यांनी एकालाही विचारलं नव्हतं.

"दोन वायरी," ते म्हणाले. "सकाळी फोन करा."

आत्या जिंकली होती, पण तिला नेमकं त्याच वेळी रुमाल शोधावा लागला. तात्या थोरल्याकडे वळले. त्याच्या मांडीवरच्या फाईलकडे बोट दाखवून म्हणाले, "ते कॅप्सूल पुढच्या बदलीला बघू. दहा वर्षं आहेत. तोवर त्याची वही भरू दे." थोरल्यानं मान हलवली. त्याला बोलता आलं नाही आणि ते बरंच झालं, कारण तो बहुधा बॅटरीबद्दल काहीतरी बोलला असता.

मग तात्यांनी धाकटीला विचारलं, तुमच्या ऑफिसात माणूस गेल्यावर पानाचं काय करतात? काही नाही, ती म्हणाली. तांबड्या शाईची रेघ मारायची, तारीख घालायची. खालचं सगळं वाचता आलं पाहिजे. पान फाडलं तर नोकरी जाते. तात्यांनी विचार केला. तांबडी रेघ लांबूनही दिसते, म्हणजे फेरीला जाणारा चुकून आत पाऊल टाकणार नाही. वडिलांना चाललं असतं. त्यांनी थोरल्याला सांगितलं की उद्यापासून खाली कंपनीतही हेच. थोरला बरं म्हणाला. धाकटाही म्हणाला. साठ वर्षांचा नियम अर्ध्या मिनिटात बदलला आणि चहा अजून कोमट होता.

"माझं आलं की रेघच मार," तात्या धाकटीला म्हणाले. "फाडू नकोस. तुझ्यावर सोडतोय."

"नाही फाडणार," ती म्हणाली.

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. दहा वर्षं कोरा राहिलेला रकाना होता. त्यांनी पेनाचं टोपण काढून मागच्या बाजूला लावलं, आजची तारीख घातली आणि लिफ्टच्या नोंदीला लावत त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं: जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं.

माई उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिनं वाचलं.

"दुसऱ्या," ती म्हणाली.

तात्यांनी 'तिसऱ्या'वर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं: दुसऱ्या.